पंप बदलण्याआधी गेज लावा

घाटात गाडी ओढत नाही, ओव्हरटेक करताना मध्येच गुदमरते, सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय चालू होत नाही. पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीची अशी तक्रार सांगितली, की मागची सीट उचलून टाकीच्या झाकणाशी कान नेला जातो आणि निकाल लागतो: ‘पंप वीक झालाय, असेंब्लीच टाकावी लागेल.’ हा निकाल कधी कधी बरोबर ठरतो, आणि खरी अडचण तीच आहे. अधूनमधून खरा ठरणारा अंदाज माणूस सहजासहजी सोडत नाही. पण पंपाच्या अलीकडे-पलीकडे फ्यूज, रिले, वायरिंग, अर्थिंग, जाळी, फिल्टर, रेग्युलेटर आणि इंजेक्टर अशी आठ ठिकाणं आहेत. यांतलं एखादं बिनसलं तरी बाहेरून दिसणारी लक्षणं बरीचशी सारखीच असतात. इंधनाचं प्रेशर म्हणजे एकदा पाहून वहीत टिपायचा आकडा नव्हे. चावी ऑन केल्यावर, आयडलिंगला, लोडखाली आणि इंजिन बंद केल्यानंतर, अशा चार वेळी गेजचा काटा काय करतो ते पाहावं लागतं. ते पाहिल्याशिवाय पंपावर ठपका ठेवणं म्हणजे साक्षीपुरावा न घेता शिक्षा सुनावणं.

आधी हे प्रेशर कशाला लागतं ते पाहू. इंजेक्टर हा ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, हुकमावर उघडझाप करणारा एक वाल्व आहे. तो किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढंच ईसीयूच्या हातात असतं. तेवढ्या वेळात किती पेट्रोल बाहेर पडणार, हे रेलमधला (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला) दाब आणि इनटेक मॅनिफोल्डमधला दाब यांच्यातल्या फरकावर ठरतं. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत रेग्युलेटर रेलवरच असतो. त्याला मॅनिफोल्डची व्हॅक्यूम नळी जोडलेली असते आणि जादा पेट्रोल रिटर्न पाइपने टाकीत परत जातं. नव्या बहुतेक गाड्यांत रिटर्न पाइपच नाही. रेग्युलेटर टाकीत, पंपाच्या असेंब्लीतच बसवलेला असतो आणि मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमचा हिशेब ईसीयू स्वतः करतो. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या गाड्यांत हा दाब सर्वसाधारणपणे ३ ते ४ बार, म्हणजे ४३ ते ५८ पीएसआय असतो. पण सर्वसाधारण आकड्यावर निदान करू नये. ३ बारचं रीडिंग एका मॉडेलला ठणठणीत असतं, तर ४ बारवर चालणाऱ्या मॉडेलला तोच आजार असतो. आपल्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा.

या दाबाची एक खोड अशी, की तो कमी झाला तरी गाडी ते बरेच दिवस कळू देत नाही. इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या सरळ प्रमाणात बदलत नाही, वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. दाबाचा फरक ३ बारवरून २ बारवर आला, म्हणजे तब्बल एक तृतीयांश घसरला, तरी पेट्रोल कमी होतं ते सुमारे १८ टक्के. ही तूट ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला सांगतो आणि ईसीयू इंजेक्टर सुमारे २२ टक्के जास्त वेळ उघडा ठेवून ती भरून काढतो. बऱ्याच गाड्यांत ही दुरुस्ती २५ टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत चेक इंजिनचा दिवा लागतच नाही. घरातली तूट उधारीवर भागत असते आणि शेजाऱ्यांना पत्ता नसतो, तसं हे चालतं. त्यात इथेनॉलची भर पडते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी थोडं जास्त इंधन लागतं, त्यामुळे जुन्या हिशेबाने ट्यून केलेल्या गाडीत दुरुस्तीचे काही टक्के आधीच खर्ची पडलेले असतात. म्हणून पंप, फिल्टर वगैरे सगळं तसंच असताना पेट्रोल बदलल्यावर दिवा लागला, तर दोष पेट्रोलवर ढकलून मोकळं होण्यात अर्थ नाही. कदाचित प्रेशर आधीच उतरलेलं असेल आणि नव्या पेट्रोलमुळे ते फक्त उघड्यावर आलं असेल.

मग घाटातच गाडी का मरते? पूर्ण थ्रॉटलला ईसीयू बहुतेक वेळा ऑक्सिजन सेन्सरकडे बघणं सोडतो आणि ठरलेल्या हिशेबाने जास्तीचं पेट्रोल सोडू लागतो. तेव्हा ताजी तूट भरून काढणारं कोणी उरत नाही. शिवाय मागणीही भलतीच वाढलेली असते. लहान पेट्रोल इंजिन आयडलिंगला तासाला लिटरभरसुद्धा पेट्रोल पीत नाही. तेच इंजिन कसारा किंवा खंबाटकी चढताना पूर्ण लोडवर आलं, की हाच दर वीस लिटरच्या घरात जातो. अर्धवट चोंदलेल्या फिल्टरमधून आयडलिंगपुरतं पेट्रोल आरामात झिरपतं. त्याच फिल्टरमधून वीसपट पेट्रोल ओढलं, की त्याच्या दोन बाजूंच्या दाबात मोठा फरक पडतो आणि रेल उपाशी राहते. त्यामुळे गाडी उभी करून, आयडलिंगला गेज बघून ‘प्रेशर ओके आहे’ असं कोणी म्हटलं, तर त्याने अजून पाव कामच केलेलं असतं.

इथे अनुभवी मेकॅनिक म्हणतील, गेज कशाला, पंपाचा आवाजच सगळं सांगतो. आवाज काहीतरी सांगतो, हे खरं. चावी ऑन केल्यावर मागून साधारण दोन सेकंद घूं असा आवाज आला तर मोटर फिरते आहे एवढं समजतं. ती दाब तयार करते आहे की नुसती फिरते आहे, हे समजत नाही. आवाज आला नाही, तरी पंप मेला असं ठरत नाही. फ्यूज उडालेला असेल, रिले चिकटत नसेल, काही मॉडेलांत धक्का बसल्यावर पंप बंद करणारा स्विच पडलेला असेल. सेल्फ मारताना पंप चालत नसेल तर आणखी एक शक्यता धरावी. क्रँक सेन्सरकडून इंजिन फिरत असल्याचा सिग्नल आला नाही तर ईसीयू पंपाला वीजच देत नाही, आणि तेव्हा पंप बदलून काडीचा फरक पडत नाही. दुसरा आक्षेप स्कॅनरवाल्यांचा: ‘कोड आलाय, लीन दाखवतोय.’ पी०१७१ हा कोड मिश्रणात हवा जास्त आहे एवढंच सांगतो. हवा चोरवाटेने आत शिरते आहे की पेट्रोल कमी पडतं आहे, हे त्याला ठाऊक नसतं. मात्र स्कॅनरवरचा फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयूने केलेल्या दुरुस्तीचा, आकडा नीट वाचला तर कामाचा आहे. आयडलिंगला ट्रिम वाढलेला आणि रेस वाढवल्यावर कमी होणारा असेल, तर व्हॅक्यूम गळतीचा संशय घ्या. आयडलिंगला ठीक आणि लोड वाढेल तसा वर चढत जाणारा असेल, तर पेट्रोल पुरत नसावं किंवा हवा मोजणारा सेन्सर कमी दाखवत असावा. तिसरी सवय सगळ्यात वाईट: रेलवरच्या वाल्वची पिन दाबायची आणि पेट्रोलची चिळकांडी उडाली की समाधान मानायचं. चिळकांडी १ बारलाही उडते, आणि उडते ती गरम इंजिनावर.

सीएनजी किट असलेल्या गाडीत एक फुकटची परीक्षा घरबसल्या होते, आणि मुंबई-पुण्याकडे अशा गाड्या काही कमी नाहीत. गाडी सीएनजीवर नेहमीसारखी ओढते आणि पेट्रोलवर टाकली की गुदमरते, असं असेल तर प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन, सायलेन्सर यांना बहुतांशी निर्दोष सोडायला हरकत नाही. दोन्ही इंधनांना ते सामाईक आहेत. संशय पेट्रोलच्या वाटेवर येतो. दोन्हीवर सारखीच मरत असेल, तर टाकी उघडायची घाई नको.

गेज लावण्याआधी सुरक्षेचं बोलायला हवं, आणि ते उरकून टाकायचं प्रकरण नाही. इंजिन थंड असू द्या. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग काही सेकंद सेल्फ मारा. रेलमधला दाब असा उतरवल्यावर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि मगच पाइपला हात लावा. तरीही थोडं पेट्रोल सांडतंच, म्हणून जोडाखाली फडकं आणि डोळ्यांवर चष्मा हवा. काम मोकळ्या हवेत करा, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर गाडी घेऊन मुळीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती खड्ड्यात उतरून साचते आणि वायरवर लोंबकळणारा साधा बल्ब फुटला तरी भडका उडतो. अग्निशामक हाताशी हवा, डिकीच्या तळाशी नव्हे. कित्येक गाड्यांच्या रेलवर गेज लावायला वाल्वच नसतो. तिथे पाइपचा क्विक कनेक्टर सोडून मध्ये टी-जोड बसवावा लागतो. त्या प्लास्टिकच्या लॉकला पक्कडने पिळलं तर पुढचा खर्च वेगळाच निघतो. एक सीमारेषाही इथेच आखू. हे सगळं साध्या मल्टिपॉइंट पेट्रोल इंजेक्शनबद्दल आहे. कॉमन रेल डिझेलमध्ये दाब हजार बारच्या वर जातो आणि डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोलच्या रेलमध्ये शेकडो बार असतो. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. तिथला हाय प्रेशर पाइप सैल करून बघायचा नाही. त्या बाजूचा दाब स्कॅनरवर वाचायचा.

गेज लागला, फ्यूज जागेवर बसवला, बॅटरी जोडली, की चावी ऑन करा, सेल्फ नको. पंप दोन सेकंद चालेल आणि काटा झटक्यात वर जाऊन थांबेल. दोन-तीनदा चावी फिरवल्यावरच ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचत असेल तर ते लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल. आता इंजिन चालू करा. रेलवर रेग्युलेटर असलेल्या गाडीत काटा थोडा खाली येतो, कारण मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार झाला. त्याची नळी काढून बोटाने बंद केली की दाब साधारण अर्ध्या बारहून थोडा जास्त वर चढायला हवा. चढला नाही तर रेग्युलेटर अडकलाय, किंवा नळीत व्हॅक्यूमच येत नाही. नळीचं टोक नाकाशी धरून बघा. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, आणि काळा धूर, पडलेलं अॅव्हरेज, प्लगवरची काजळी या सगळ्याचा उलगडा तिथेच होतो. याच गाड्यांत कमी प्रेशरला पंप कारण आहे की रेग्युलेटर, हेही पटकन ठरवता येतं. रिटर्नची रबरी नळी क्षणभर दाबून धरा. काटा झपकन वर गेला तर पंपात दम आहे, रेग्युलेटर पेट्रोल परत सोडून देतोय. नायलॉनचा पाइप असेल तर हा प्रयोग करू नका, तो चिरतो.

तिसरं रीडिंग लोडखालचं. न्यूट्रलमध्ये रेस दिल्याने लोड येत नाही, नुसता आवाज येतो. गेजची लांब नळी बोनेटच्या मागच्या कडेने बाहेर काढून गेज काचेच्या बाहेरच्या बाजूला टेपने पक्का चिकटवायचा. पेट्रोल भरलेली नळी कधीच केबिनमध्ये घ्यायची नाही. बोनेट पूर्ण लॉक व्हायला हवं आणि नळी कुठे चेंगरता कामा नये. हे जमत नसेल तर रस्त्यावर जाऊ नका. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने फक्त काटा बघायचा. मोकळा चढ, तिसरा गिअर, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. निरोगी गाडीत, रेग्युलेटर टाकीत असेल तर काटा जागचा हलत नाही; रेलवर असेल तर तो उलट थोडा वर जातो. आजारी गाडीत पहिले दोन-तीन सेकंद सगळं ठीक दिसतं. मग काटा थरथरतो आणि एका लयीत खाली येऊ लागतो: ५०, ४५, ३८ पीएसआय. गाडी झटका देते तो काटा घसरल्यानंतर. पाय काढला की काटा पुन्हा जागेवर. हा क्रम महत्त्वाचा आहे. काटा आधी पडला आणि गाडी नंतर गुदमरली, तर गुन्हेगार पेट्रोलच्या वाटेवर आहे. गाडी मरतेय आणि काटा मात्र ठरल्या आकड्यावर ढिम्म उभा, तर पंप, फिल्टर, वायरिंग सगळ्यांची एकदम सुटका. आता चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इग्निशन किंवा घाण झालेले इंजेक्टर तपासा. माझ्या मते गेजची खरी किंमत या सुटकेतच वसूल होते.

समजा लोडखाली काटा पडला. तरीही पंपाची पाळी अजून आलेली नाही, आधी वीज. पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावून १२.४ व्होल्ट दिसले, म्हणून वायरिंग ठीक, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कनेक्टर काढलेला असताना प्रवाहच वाहत नाही. एखादीच तार उरलेल्या वायरमधूनही मीटरला पूर्ण व्होल्ट मिळतात. कनेक्टर जोडलेलाच ठेवून, पंप चालू असताना मागच्या बाजूने पिनला प्रोब टेकवा. तिथे १० व्होल्टच उरले आणि त्याच वेळी बॅटरीवर साडेतेरा असतील, तर साडेतीन व्होल्ट मध्येच कुठेतरी सांडले. एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा पंपाच्या अर्थच्या पिनला लावा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंग खराब. तसंच बॅटरी पॉझिटिव्ह ते पंप पॉझिटिव्ह. मागच्या सीटखालचा तो कनेक्टर उघडून नीट बघा: एक पिन पिवळी-चकचकीत, शेजारची काळी पडलेली, तिच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन किंचित ओघळलेलं. ती काळी पिन ढिली आहे, तापते आहे, आणि पंपाचा घास खाते आहे. अशा गाडीत नवा पंप टाकला तर तो चार दिवस बरा चालेलही, जुन्यापेक्षा ताजा असल्यामुळे. मग तक्रार परत येते आणि शिव्या बसतात पंपाच्या कंपनीला.

व्होल्टेज पूर्ण मिळत असेल तर डीसी क्लॅम्प मीटरने करंट बघा. अशा पंपांचा करंट साधारण ४ ते ८ अँपिअरमध्ये असतो; आपल्या गाडीचा निरोगी आकडा माहीत असेल तर उत्तमच. व्होल्ट पूर्ण, करंट नेहमीपेक्षा जास्त आणि रेलमध्ये दाब कमी, तर पंपाच्या पुढे काहीतरी चोंदलंय किंवा पंप जड फिरतोय. करंट कमी आणि दाबही कमी, तर पंप झिजलाय, किंवा जाळी बंद होऊन तो पेट्रोलऐवजी वाफ आणि हवा ओढतोय. या शेवटच्या प्रकारात पंप कर्कश किरकिरतो. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवण्याच्या सवयीचा संबंध इथे येतो. पंपाची मोटर तिच्यातून वाहणाऱ्या पेट्रोलनेच थंड राहते. पेट्रोल कमी असलं की वळणावर आणि चढावर ते एका कोपऱ्यात जातं आणि पंप हवा गिळतो. सीएनजीवाल्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. महिनोन्महिने टाकीत दोन लिटर पेट्रोल ठेवून गाडी चालवणं काटकसरीचं वाटतं, पण त्याची किंमत पंप मोजतो. बाहेरचा फिल्टर वेगळा बदलता येत असेल तर पंपाआधी तो बदला. असेंब्ली बाहेर काढलीच तर जाळी आणि टाकीचा तळ टॉर्चच्या उजेडात बघा. तळाशी पाणी किंवा गाळ असेल तर टाकी न धुता नवा पंप बसवणं म्हणजे पैसे त्याच गाळात घालणं.

चौथं रीडिंग इंजिन बंद केल्यानंतरचं, आणि घाईत वगळलं जातं ते नेमकं हेच. बंद केल्यावरही रेलमध्ये दाब टिकायला हवा, कारण गरम इंजिनाच्या धगीने रेलमधल्या पेट्रोलची वाफ होऊ नये म्हणून तोच पेट्रोलला द्रव अवस्थेत धरून ठेवतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात गरम गाडी पंधरा मिनिटं उभी करून पुन्हा चालू करताना रडवते, त्यामागे बऱ्याचदा हा टिकाव गेलेला असतो. बंद केल्यावर सुरुवातीला काटा किंचित वर चढला तर घाबरू नका, ती इंजिनची उष्णता. पण दहा मिनिटांत तो शून्याकडे आला तर गळती शोधा. पुरवठ्याच्या बाजूला वाल्व असलेला टी-जोड असेल तर चावी ऑन करून दाब भरा आणि लगेच तो वाल्व बंद करा. आता दाब टिकला, तर पेट्रोल टाकीकडे परत जातंय, म्हणजे पंपातला चेक वाल्व किंवा टाकीतला रेग्युलेटर. तरीही उतरला, तर रेलवरचा रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर ठिबकतोय. ठिबकणाऱ्या इंजेक्टरचा प्लग इतरांपेक्षा काळा किंवा ओला सापडतो. चावी तीनदा ऑन-ऑफ केल्यावर गाडी पहिल्या सेल्फला लागते, हे आधी टिपलेलं लक्षण इथे जुळतं. अशा गाडीचा पंप चालताना पूर्ण ताकदीचा असू शकतो आणि घाटातही ती छान पळते.

यावर गॅरेजचा सरळ आणि रास्त आक्षेप असा, की एवढा वेळ कोण देणार? दोन तास तपासणीचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं, पार्ट बदलला की मुकाट्याने देतं. हे खरं आहे आणि दोष गिऱ्हाइकाचाही आहे. पण हिशेब करून बघा. चावी ऑन, आयडलिंग आणि बंद केल्यानंतरचं रीडिंग मिळून अर्ध्या तासात होतं. कनेक्टरवरची व्होल्टची तपासणी त्याहून लवकर, आणि तीत पेट्रोलचा पाइपही सोडावा लागत नाही. रस्त्यावरची चाचणी या तिन्ही रीडिंगमध्ये काही सापडलं नाही तरच लागते. दुसरा आक्षेप, नव्या गाड्यांत रेलवर प्रेशर सेन्सरच असतो, मग गेज हवा कशाला? सेन्सर असेल तर चारही वेळचे आकडे स्कॅनरवर बघा, काम तेच आहे. मात्र सेन्सर खोटं बोलत नाही, हे एकदा गेजनेच पडताळावं. बीएस-६ नंतरच्या इंजेक्शनच्या दुचाकींना हाच विचार लागू पडतो. फरक एवढाच, की पंप छोटा, बॅटरी लहान आणि व्होल्ट पडण्याची शक्यता जास्त. म्हणून तिथे सुरुवात बॅटरीपासून करा.

गाडी दुसऱ्याकडून करून घेणार असाल तर चारही रीडिंग आणि पंपावरचे व्होल्ट बिलाच्या मागे लिहून मागा, जुना पार्ट परत घ्या, आणि दुरुस्तीनंतर तीच चार रीडिंग पुन्हा घ्यायला लावा. गेज काढतानाही दाब आधीसारखाच उतरवायचा. क्विक कनेक्टर जोडल्यावर ‘टक्’ असा आवाज ऐकू आला पाहिजे. मग पाइप हलकेच मागे ओढून बघा, सुटत नाही ना. बोनेट उघडं ठेवून चावी दोनदा ऑन करा, सेल्फ न मारता. टॉर्चच्या उजेडात प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद फिरवा. त्यावर ओला ठिपका उठला, तर गाडी चालू करायची नाही.